दीड आट्याचा हिशेब

जालन्यात मोंढ्याकडे जाताना एक टपरीवजा गॅरेज लागतं. तिथे आरएक्स हंड्रेड रेस होत असेल, तर मी काम नसताना थांबतो. एस्कॉर्ट्स आणि यामाहाची ही गाडी 1985 मध्ये आली, 1996 मध्ये बंद झाली. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 11 हॉर्सपॉवर, वजन 103 किलो. म्हणजे दोन पोती गव्हाइतकं. आजवर तिच्या मालकांनी सर्वांत जास्त छळलं असेल ते तिच्या कार्ब्युरेटरला. कोणी मोठं जेट टाकलं, कोणी फिल्टरचा डबा काढला, कोणी भलताच कार्ब्युरेटर ठोकून बसवला.

"सर, नवं काही टाकायचं नसतं," मिस्त्री म्हणाले. "आधीच्यांनी टाकलेलं काढायचं असतं."

बऱ्याचशा ट्युनिंगचं मर्म यात आलं, असं मला वाटतं.

आतलं तत्त्व साधं आहे. अरुंद बोळातून वारा जसा जोरात सुटतो, तशी हवा कार्ब्युरेटरच्या घशातून वेगानं जाते. तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल वर ओढलं जातं. या गाडीचा मिकुनी व्हीएम 20 आहे, म्हणजे घसा 20 मिलिमीटरचा. वजनानं पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग लागतात. मूठ सोडलेली असताना पेट्रोल पायलट जेटमधून येतं, मधल्या पट्ट्यात निडल ठरवते, पूर्ण पिळली की मेन जेट. म्हणून गाडी नेमकी कुठे अडखळते, हे आधी विचारायचं. स्लोला थांबत नसेल तर मेन जेट बदलून काय होणार?

मिस्त्री जेट काढून उजेडाकडे धरतात. पायलट जेटचं भोक इतकं बारीक की आरपार आकाशाचा एक ठिपका दिसतो, बस. ते तुंबलं की काहीजण त्यात सुई खुपसतात. पितळ मऊ, भोक केसभर जरी रुंदावलं, तरी जेटवरचा आकडा खोटा पडतो. इथे आधी पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारतात. तेवढ्यानं नाही भागलं, तर वायरमधल्या तांब्याचा एकच केस, तोही नुसता फिरवून.

मग स्क्रू. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा. बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलटं. इथेच निम्मे हौशी फसतात. इंजिन गरम करून स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बसवायचा (आवळायचा नाही, टोक चेपतं), दीड आटा मोकळा करायचा आणि मग पाव-पाव आट्यानं इकडेतिकडे. आवाज जिथे सर्वांत चढा आणि सलग येतो, तिथे सोडून द्यायचा. नंतर स्लोचा स्क्रू उतरवायचा. मिस्त्री त्या वेळी गाडीकडे बघतही नाहीत. रस्त्याकडे तोंड करून ऐकत असतात.

मीही एकदा शहाणपणा केला होता. आवाज भरदार येतो म्हणून दुसऱ्या एका गॅरेजात फिल्टरचा डबा काढून घेतला, जेट तेच ठेवलं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. संकष्टीला राजूरच्या गणपतीला निघालो, तर भर वेगात इंजिन आवळलं आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो. प्लग काढला तर पांढराफटक. तो भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी हवा. काळा कुळकुळीत असेल तर पेट्रोल जास्त. पिस्टनवर ओरखडे होते. बोअर मारून पुढच्या साइजचा पिस्टन टाकावा लागला. वर आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ फिल्टरशिवाय थेट आत, ते वेगळंच.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा बहुतेक इंजेक्शननं घेतली. जुन्यांपुढे आता पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलचा प्रश्न आहे. ज्या उसापासून ते होतं, तो अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठीही उभा असतो, त्यामुळे तक्रार करताना जीभ जरा अडखळते. पण शुद्ध इथेनॉलला हवेचे 9 भागच पुरतात, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. इंजेक्शनची गाडी ते स्वतः सावरून घेते; इथे निडलचं लॉक एक खाच खाली घेऊन बघावं लागतं, म्हणजे निडल वर उचलली जाते. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं. महिनाभर उभ्या गाडीच्या वाटीत पांढरट थर बसलेला मी पाहिलाय.

तेव्हा गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीखालचा स्क्रू सोडून ती रिकामी करा. दोन मिनिटांचं काम आहे.