रेघ नेमकी कुठे मारायची?

‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा.’ मराठी व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत ही सूचना पिढ्यान्‌पिढ्या छापली जाते आहे. विद्यार्थी नाम, विशेषण, क्रियाविशेषण आठवत बसतो. शब्दाखालची रेघ कुठून आली याचा विचार तो करत नाही, आणि करायची त्याला गरजही नसते. पण समजा तो शब्द ‘कुतूहल’ असेल आणि प्रश्न शुद्धलेखनाचा असेल, तर? क खालचा उकार ऱ्हस्व आणि त खालचा दीर्घ. दोघांमधला फरक अक्षराखालच्या मिलिमीटरभर वळणात सामावलेला असतो. रेघ नेमकी त्या वळणावरून गेली, तर ज्याची परीक्षा घ्यायची तेच प्रश्नपत्रिकेतून पुसले जाते.

ही अडचण केवळ प्रश्नपत्रिकेची नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशावर ती गावागणिक बदलते. कोरीट हे गावाचे नाव अधोरेखित करायला अगदी सोपे आहे. काना, मात्रा, वेलांटी, सगळे वरच्या किंवा बाजूच्या अंगाला. खाली काहीच लोंबत नाही. शहादा, तळोदा, धडगाव हीसुद्धा अशीच बिनतक्रार नावे. मात्र नवापूर लिहिले की प खालचा दीर्घ उकार आडवा येतो, अक्कलकुवा लिहिले की क खालचा ऱ्हस्व उकार. खुद्द जिल्ह्याच्या नावातही द खाली उकार आहेच. पत्ता लिहिताना गावाखालची रेघ आणि जिल्ह्याखालची रेघ एकाच उंचीवर ठेवायची, तर ती सर्वांत खाली उतरणाऱ्या अक्षराच्या हिशेबाने ठेवावी लागते.

रोमन लिपी रेघेवर उभी राहते. सव्वीस लहान अक्षरांपैकी जी, जे, पी, क्यू, वाय अशी मोजकीच अक्षरे पाय खाली सोडतात. देवनागरी रेघेला टांगलेली असते आणि खाली तिचा दुसरा मजला असतो: उकार, ऋकार, हलन्त, ‘ट्र’मधला खालचा र, ‘ट्ट’ किंवा ‘द्ध’सारखी एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे. ‘कर्तृत्व’, ‘राष्ट्र’, ‘पृष्ठ’ या शब्दांखाली रेघ ओढणे म्हणजे गजबजलेल्या गल्लीतून तार नेणे. म्हणून मराठी मजकुरात अधोरेखनाची आज्ञा दिली आणि काम झाले, असे होत नाही. रेघ किती खाली, किती जाड, कुठे तोडायची, हे ठरवावे लागते.

पोथीतला लाल रंग

हस्तलिखितांच्या काळात लेखकूने हा प्रश्न रेघेने सोडवलाच नाही. त्याने रंग वापरला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थांत जपलेल्या पोथ्यांत अध्यायाची समाप्ती, ‘उवाच’सारखे शब्द, दंड आणि श्लोकांचे आकडे लाल शाईने लिहिलेले आढळतात. काही ठिकाणी काळ्या अक्षरांवरच गेरू चोळलेला असतो. आजच्या हायलाइटरच्या पट्ट्याचा हा थेट पूर्वज. चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन वर पुन्हा लिहिले जाई. म्हणजे उठाव देणे आणि खोडणे ही दोन्ही कामे रंगाकडे होती.

अक्षराखालच्या आडव्या रेघेला वैदिक पोथ्यांत मात्र स्वतःचे काम नेमून दिलेले होते. ऋग्वेदाच्या प्रचलित स्वरांकनात अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ आणि स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ येते. उदात्ताला खूण नसते. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ ते १९५१ या काळात सायणभाष्यासह ऋग्वेद पाच खंडांत छापला, तेव्हा प्रत्येक मंत्रात या रेघा जागच्या जागी बसवाव्या लागल्या. अक्षराला उकार असेल तर रेघ उकाराच्याही खाली. एका अक्षरापुरती रेघ शेजारच्या अक्षराखाली सरकली, तर स्वर चुकला. युनिकोडने आज या रेघेला ०९५२ हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. मजकुराच्या सजावटीसाठी मारलेली रेघ आणि उच्चार सांगणारी रेघ या संगणकाच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत.

मोडीत तर रेघच आधी येई. कारकून कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. अशा पानावर आणखी एक आडवी रेघ मारली असती, तर ती पुढच्या ओळीची शिरोरेषा वाटली असती.

पितळी रूल आणि तीन मजली खिळे

छापखान्यात रेघ ही धातूची वस्तू झाली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडवले. तिथेच तयार झालेल्या जावजी दादाजी यांनी पुढे निर्णयसागर उभा केला आणि मुंबईचा टाइप देशभर नावाजला गेला. मुंबई पद्धतीच्या ‘डिग्री’ जुळणीत मधले अक्षर, वरच्या मात्रा-वेलांट्या-अनुस्वार आणि खालचे उकार हे वेगवेगळ्या खिळ्यांवर असत. कंपोझिटर एका ओळीसाठी तीन थर जुळवी. ‘अखंड’ पद्धतीत मात्रेसह अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेले असे.

अशा ओळीतला एक शब्द अधोरेखित करायचा तर शब्दाच्या लांबीची पितळी रूल कापायची, ती तिसऱ्या थराच्याही खाली ठेवायची आणि तेवढ्याच जाडीच्या पट्ट्यांनी उरलेल्या ओळीची दोन्ही अंगे भरून काढायची. नाही तर चौकट आवळल्यावर ओळ सैल राहून छापताना खिळे उसळत. एका शब्दासाठी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून छापील मराठीत उठावासाठी ठळक टाइप, मोठा टाइप किंवा अवतरणचिन्हे रुळली. शब्दाखालची रेघ हस्तलिखितात आणि प्रुफावर राहिली. तिथे ती वाचकासाठी नव्हती. ती जुळणी करणाऱ्यासाठी निरोप होती. एक सरळ रेघ म्हणजे तिरपा टाइप, नागमोडी रेघ म्हणजे ठळक, ही मुद्रितशोधनाची खूण जगभर चालते. टंकलेखन यंत्राकडे ठळक टाइप नव्हता. म्हणून गाडी मागे सरकवून शब्दाखाली रेघ ठोकायची सवय कचेऱ्यांत पसरली, आणि तिथून ती संगणकाच्या ‘यू’ या बटणात आली.

इंग्रजी ‘जे’च्या मापाने

पुस्तकाची अक्षरजुळणी संगणकाने करण्यासाठी अमेरिकेत डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये टेक् ही प्रणाली आणली, आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक् रचली. फ्रान्स वेल्टहाउस यांनी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे १९९१ मध्ये टेक्‌साठी देवनागरीची सोय केली. या प्रणालीत अधोरेखनाची मूळ आज्ञा शब्द एका बंद डब्यात घालते आणि खाली ०.४ पॉइंटची, म्हणजे सुमारे ०.१४ मिलिमीटर जाडीची रेघ देते. बंद डबा ओळीच्या शेवटी तुटत नाही. एक शब्द ठीक. आख्खे वाक्य अधोरेखित केले की ते समासाबाहेर धावते.

त्यावर डोनाल्ड आर्सेनो यांचे ‘यूलेम’ आणि मेल्खिओर फ्रान्त्स यांचे ‘सोल’ असे दोन जोड-संच आले. यूलेममध्ये एकेरी, दुहेरी, नागमोडी, तुटक, ठिपक्यांची अशा रेघा तयार मिळतात, शिवाय आडवी खोडरेघही. वापरणाऱ्याने खोली सांगितली नाही, तर यूलेम ती स्वतः ठरवते. त्यासाठी ते मापे घेते ती कंसाच्या चिन्हाची आणि इंग्रजी ‘जे’ या अक्षराची. दोहोंत जे जास्त खाली उतरते, त्याच्या ०.४ पॉइंट खाली रेघ. इंग्रजी पानाला हे माप चपखल बसते. मराठी पानावर ‘जे’च्या शेपटीपेक्षा ‘ष्ट्रू’ कितीतरी खोल जातो. उपाय सोपा आहे, पण तो हाताने करावा लागतो: वापरात असलेल्या फाँटमधले सर्वांत खोल उतरणारे जोडाक्षर निवडायचे, त्याची खोली मोजायची आणि तेवढी खोली रेघेला द्यायची.

सोलची अडचण वेगळी. ते मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याखाली रेघ घालते. अक्षरे विरळ करण्याची त्यातली सोय तर अक्षरागणिक चालते, आणि देवनागरीत ते परवडत नाही. क, हलन्त आणि ष यांचा ‘क्ष’ होतो तो तिघे शेजारी असतील तरच. मध्ये जागा घातली की जोडाक्षर फुटते आणि शिरोरेषेत खिंडारे पडतात.

मार्सेल क्रूगर यांनी २०२० मध्ये आणलेल्या ‘लुआ-यूएल’ने क्रमच उलटा केला. आधी परिच्छेद नेहमीसारखा जुळू द्यायचा, जोडाक्षरे बनू द्यायची, ओळी तुटू द्यायच्या. रेघ त्यानंतर येते. त्यामुळे ‘क्ष’ शाबूत राहतो. रेघ ही एखाद्या छोट्या आकृतीची पुनरावृत्ती मानलेली असल्याने ठिपका, लाट किंवा नक्षीचा तुकडा देऊन हवी तशी रेघ घडवता येते. हे फक्त टेक्‌च्या एका रूपावर, लुआटेक्‌वर चालते. त्याच वर्षीच्या टेक्-लाइव्ह या संचापासून लुआलाटेक्‌मध्ये हार्फबझ हे अक्षरे घडवणारे इंजिन अंगभूत आले, म्हणून मराठीसाठी ही जोडी सोयीची ठरते.

जाडीचाही एक हिशेब आहे. अधोरेखा शिरोरेषेइतकी जाड ठेवली की डोळा तिला खालच्या ओळीची शिरोरेषा समजतो. तिच्या निम्म्याने बारीक रेघ दोन ओळींमध्ये वेगळी ओळखू येते. शिरोरेषा शब्दागणिक तुटते. अधोरेखा शब्दांमधल्या मोकळ्या जागेतही सलग ठेवली, तर दोघींचा गोंधळ आणखी कमी होतो.

पडद्यावर दुसरी युक्ती आहे: अक्षर आडवे आले की रेघेनेच बाजूला व्हायचे. क्रोममध्ये २०१८ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१९ पासून रेघ उकारापाशी तुटते व पलीकडे पुन्हा सुरू होते. फायरफॉक्सने त्याच वेळी रेघेचे अंतर आणि जाडी ठरवण्याची सोयही दिली. छपाईत हाच परिणाम साधायला अक्षरांभोवती पांढरी कड देऊन ती रेघेवर ठेवतात. ‘नवापूर’मध्ये हे छान दिसते. ‘कुटुंब’मध्ये लागोपाठ दोन उकार आले की रेघेचे कपटे उरतात. तिथे रेघ खाली उतरवणेच बरे.

पट्ट्याखाली दबलेले उकार

हायलाइटचा पट्टा ही रेघेचीच जाड बहीण. फक्त तिची खोली मोजून भागत नाही, उंचीही मोजावी लागते. ‘कीर्ती’वरचा रफार आणि वेलांटी, ‘कुटुंब’मधला अनुस्वार, हे सगळे पट्ट्याच्या आत आले पाहिजे. तसा उंच पट्टा घेतला की नवी अडचण उभी राहते. पान वरून खाली रंगत जाते: पहिल्या ओळीचा पट्टा, पहिल्या ओळीची अक्षरे, मग दुसऱ्या ओळीचा पट्टा. हा दुसरा पट्टा उंच असेल, तर वरच्या ओळीचे आधीच छापलेले उकार तो झाकून टाकतो. संगणक तक्रार करत नाही, प्रूफ घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि ‘पूर’चा ‘पर’ होतो.

यावर तीन वाटा आहेत. ओळींमधले अंतर वाढवायचे. पट्टा पारदर्शक करायचा, म्हणजे खालची काळी शाई दिसत राहते. किंवा पट्टा अक्षराच्या खालच्या निम्म्या भागापुरताच ठेवायचा. शिरोरेषा पट्ट्याबाहेर राहिली तरी मराठी वाचकाला शब्द पकडता येतो, म्हणून तिसरी वाट मासिकांच्या मांडणीत शोभून दिसते. पाठ्यपुस्तकात पहिलीच बरी.

सातबाऱ्यावरच्या तीन रेघा

या सगळ्या तांत्रिक निवडींचा कायदेशीर वजन असलेला नमुना कोरीटच्याच काय, राज्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात सापडेल. तो म्हणजे सातबारा. १ मे २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन मिळू लागला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने सुमारे पन्नास वर्षांनी त्याचा नमुना बदलला. बदलांच्या यादीत गावाचा संकेतांक, क्षेत्राची एकके, पोटखराब्यासह एकूण क्षेत्र अशा बाबी होत्या, आणि त्यांच्या जोडीला रेघाही होत्या.

पूर्वी मयत खातेदार, फिटलेले बोजे आणि ई-करारांच्या जुन्या नोंदी कंसात दाखवत. दाटीच्या रकान्यात कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे शोधावे लागे. नव्या नमुन्यात अशा नोंदींवर आडवी रेघ आली. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ आली, म्हणजे एकाच्या नावाची दुसरी ओळ दुसऱ्या खातेदाराचे नाव वाटू नये. तिसरी रेघ रकान्याची चौकट. तिन्हींची कामे वेगळी, म्हणून त्यांचे रूपही वेगळे असावे लागते.

खोडरेघेची मागणी यात सर्वांत अवघड आहे. खोडलेले नाव गेले हे दिसले पाहिजे, पण ते वाचताही आले पाहिजे. वारस, खरेदीदार आणि बँक तिघांनाही मागची साखळी त्यातूनच लावायची असते. यूलेमची तयार खोडरेघ इंग्रजी ‘एक्स’च्या उंचीच्या निम्म्याहून किंचित वरून जाते. देवनागरी अक्षर त्याहून उंच असल्याने ती मध्याच्या खालून, बरोबर पोकळीतून धावते. व च्या पोटात आडवी रेघ गेली की तो ब सारखा दिसतो, प चा ष होऊ पाहतो. नंदुरबारमध्ये वळवी, वसावे, पाडवी ही आडनावे जागोजागी भेटतात, म्हणजे नेमकी हीच अक्षरे. रेघ वर नेली तर ती शिरोरेषेला चिकटते, खाली नेली तर अधोरेखा वाटते. उरतो तो पर्याय असा: रेघ मध्यावरच ठेवायची, शिरोरेषेहून बारीक आणि शक्य तिथे वेगळ्या रंगाची घ्यायची, आणि नावाच्या दोन्ही टोकांपलीकडे थोडी वाढवायची. शब्दाबाहेर आलेले टोक दिसले की आतली रेघ अक्षराची नाही, हे वाचणाऱ्याला कळते. शंका उरलीच तर शेजारच्या रकान्यातल्या क्रमांकाचा फेरफार काढून नाव ताडून पाहता येते.