बुडण्याची भाषा

निवडणूक जवळ आली किंवा एखादे वादग्रस्त विधेयक पुढे आले, की आपल्याकडे बुडण्याची भाषा सुरू होते. एक पक्ष म्हणतो धर्म बुडाला, दुसरा म्हणतो देश बुडाला. कोणत्या कलमाने व किती बुडाले, असे विचारावे तर विचारणाराच शत्रुपक्षाचा ठरतो. ही खोड जुनी आहे. तिची किंमत कोणास द्यावी लागते, हे जाणण्यास संमतिवयाचा वाद पुरेसा आहे.

सन 1890 मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाची सुमारे दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या समागमामुळे मरण पावली. तत्कालीन कायद्यात संमतीची मर्यादा 10 वर्षांची असल्याने पतीवर बलात्काराचे कलम लागू होईना. पुढे जानेवारी 1891 मध्ये ही मर्यादा 12 वर्षे करणारे विधेयक आले. मागणी अवघ्या दोन वर्षांची! परंतु तेवढ्यावरून पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत हाकाटी उठली, की गर्भाधानसंस्कार बंद पडणार आणि धर्म रसातळास जाणार.

विरोधकांपाशी विचारार्ह मुद्दा नव्हता, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परकीय सरकारने आमच्या गृहव्यवस्थेत हात घालावा काय, हा टिळकांचा आक्षेप गंभीर होता. मुलींची लग्ने 16 व मुलांची 20 वर्षांपूर्वी न करण्याचा निर्बंध लोकांनी स्वेच्छेने पाळावा, असे त्यांनीच सुचविले होते. उलट पक्षी, हा कायदा शास्त्रास बाधक नाही, असे डॉ. भांडारकरांनी वचनांच्या आधारे प्रतिपादिले. या दोन मतांचा शांतपणे झाडा झाला असता, तर लोकांस काही शिकावयास मिळाले असते. पण ओरड्यात दोन्ही मते बुडाली, आणि जिच्यासाठी वाद उपस्थित झाला ती मुलगी तर कोणाच्या ध्यानातही राहिली नाही. प्रत्येक विरोधक निर्दयच, असे समजणे हीही अतिशयोक्तीच होय. सुधारणेच्या कैवाऱ्यांनी ती आपल्या पदरी घेऊ नये.

19 मार्च 1891 रोजी विधेयक मंजूर झाले. धर्म बुडाला नाही. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाची मर्यादा 14 केली. 1978 मध्ये ती 18 झाली. तरीही देवळांत दिवे लागतात व घरोघर मंगलाष्टके होतात. भाकिते खोटी ठरली. पण ती करणाऱ्यांस कोणी हिशेब विचारला काय?

आमच्या व्यापारी वाचकांस हे निराळे सांगावयास नको. पेढीत शिल्लक नसता हुंड्यांवर हुंड्या लिहिणाऱ्याची पत काय राहते? शब्दांचेही तसेच आहे. दर आठवड्यास सर्वनाशाची हुंडी लिहिणाऱ्या पक्षावर, खरा अनर्थ दाराशी आला असता, कोणी विश्वास ठेवीत नाही. आणि त्या दिवशी नुकसान त्या पक्षाचेच नव्हे, सर्वांचे होते.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच, की बुडाल्याची आरोळी कानी येताच तीन गोष्टी विचाराव्यात: कलम कोणते, हानी किती, पुरावा काय? आणि हे प्रश्न प्रथम आपल्याच पक्षाच्या वक्त्यास विचारावेत. दुसऱ्याचे माप तपासणे सोपे असते. सचोटीची परीक्षा आपल्या तागडीवरच होते.