बगळ्यातला गळा

मैत्रिणींनो, भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता कधी नीट बघितलाय? ‘ई’ ईडलिंबाची, ‘ऐ’ ऐरणीची! ऐरण तुमच्या-माझ्या मुलांनी तरी कुठे पाहिलीय? पण निदान ती घरी मराठीतच भांडतात, हट्ट करतात. तलासरीच्या पाड्यावरचं मूल घरी वारली बोलतं. शाळेत गेलं की भाषा नवी, चित्रं नवी, वर बाईही परक्या. मग ते गप्प बसतं आणि आपण म्हणतो, ‘‘यांना डोकंच नाही.’’ हे मी आमच्या डहाणूत शिकल्यासवरल्या बायकांच्या तोंडून ऐकलंय.

खरं तर याचं उत्तर आपल्याच तालुक्यात केव्हाच सापडलंय. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती हीच. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. शंखशिंपले, बिया, पानं हेच साहित्य. महागड्या साधनांवाचून काही अडलं नाही.

त्याच वाटेने मी आठवड्यातून दोन दिवस तलासरीकडच्या एका पाड्यावर गोष्टी सांगायला जाते. पावसाळ्यात हमखास पंचतंत्रातली बगळ्या-खेकड्याची. लबाड बगळा माशांना ‘दुसऱ्या तळ्यात नेतो’ म्हणून एकेक करून खातो आणि शेवटी खेकडा त्याचा गळा धरतो. भाताच्या खाचरात हे दोघे मुलांच्या रोजच्या ओळखीचे. मी अडले की मदतनीस ताई वारलीत पुढे सांगतात. माझी वारली ऐकून पोरं खो खो हसतात. हसू देत!

एक मुलगी जूनपासून तोंड उघडत नव्हती. गोष्टीत खेकडा आला, तशी उठून पुढे आली. नांगी न लागू देता त्याला मागून कसा धरायचा, ते तिने मला हात धरून दाखवलं. मग तिची बडबड थांबेना.

गोष्ट दोन-तीन दिवस मुरली, की ओल्या मातीत काडीने ‘बगळा’ लिहायचं. ‘ब’वर तळहात ठेवायचा. काय उरलं? गळा! खेकड्याने धरलेला तोच. काना पुसला की गळ, मासे धरायचा. मग गाळ, बाळ, बळ, बाग. तीन अक्षरं आणि एक काना एवढ्या भांडवलावर सात शब्द झाले की नाही? तक्त्यात ‘ळ’ अगदी शेवटी येतो, तोवर मुलाचा उत्साह संपलेला असतो.

आणि इथे तेवढी वाट बघायला वेळही नसतो. दिवाळी झाली की पाड्यावरची कित्येक घरं वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही बरोबर. जून ते दिवाळी, एवढेच काय ते दिवस हाती. म्हणून त्या मुलीच्या आईला मी आत्ताच सांगून ठेवलंय, भट्टीवर रात्री जेवणं झाली की गोष्ट हिलाच सांगायला लावा आणि शब्द मातीत लिहून घ्या. तिथे मातीला काय तोटा!