मफिन घरचा असला तरी साखर मोजूनच घाला

वाढदिवस असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की नुसती मधली सुट्टी, मुलांच्या खाऊत चिवडा-लाडवांच्या जोडीला आता मफिन येऊन बसला आहे. तालुक्याच्या गावच्या बेकरीतही तो मिळतो. ज्यांच्याकडे ओव्हन आहे अशा अनेक गृहिणी तो घरीच करतात. ‘घरचा आहे, शिवाय त्यात फळ आहे, म्हणजे पौष्टिकच’ असे म्हणून मुलांना एकामागून एक दोन-तीन मफिन सहज दिले जातात. हा समज अर्धाच खरा आहे. घरी करण्याचा खरा फायदा एवढाच, की आत काय आणि किती जाते हे आपल्या हातात असते. तो हात आखडता घेतला नाही, तर घरचा आणि बाजारचा मफिन यांत फारसा फरक उरत नाही.

साखरेचा हिशेब

बारा मफिनच्या अनेक पाककृतींत २०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे सांगितलेले असतात. अशा चॉकलेटचा जवळजवळ निम्मा भाग साखरच असतो. म्हणजे एकूण साखर झाली २५० ग्रॅम आणि एका मफिनच्या वाट्याला आली सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच सपाट चमचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. मुलांसाठी त्याहूनही कमी. चहा, बिस्किटे, जॅम यांतून पोटात जाणारी साखर वेगळीच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज निघाला. ज्या घरात आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह आहे, तेथे मुलांची जीभ फार गोडाला सरावू न देणे केव्हाही शहाणपणाचे. दातांच्या किडीचा प्रश्न तर सर्वांनाच आहे.

तूप, तेल की वनस्पती?

वनस्पती तूप आणि मार्गारीन यांत तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत ‘ट्रान्स फॅट’ तयार होऊ शकते. ते रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले कमी करते आणि हृदयविकाराचा धोका वाढवते. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही घरच्या मफिनला वनस्पती तूप घालण्याचे काहीच कारण नाही. रोजच्या स्वयंपाकाचे, उग्र वास नसलेले तेल उत्तम चालते.

चॉकलेट घेतानाही वेष्टन वाचावे. ‘कंपाउंड’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त वड्यांमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी लिहिलेले असते. पहिलेच नाव साखरेचे असेल, तर काय ते समजावे. बिनसाखरेची कोको पावडर वापरली की चॉकलेटचा स्वाद भरपूर येतो आणि चॉकलेट निम्म्यावर आणता येते.

साहित्य (१२ लहान मफिन)

कणीक २०० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर २५ ग्रॅम (चार मोठे चमचे), साखर १०० ग्रॅम, गडद चॉकलेटचे बारीक तुकडे ५० ग्रॅम, चांगली पिकलेली मोठी केळी २, अंडी २, ताजे दही १०० ग्रॅम, तेल ७५ मिलिलीटर, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. अंडी चालत नसतील तर ती वगळून दही दुप्पट घ्यावे.

कृती

कणीक, कोको, बेकिंग पावडर, सोडा व मीठ एकत्र दोनदा चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात केळी कुस्करून त्यात साखर, दही, अंडी व तेल घालून फेटावे. मग कोरडे मिश्रण त्यात घालून हलक्या हाताने कालवावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. फार घोटल्यास गव्हातील चिकटपणा वाढतो आणि मफिन चिवट होतो. शेवटी चॉकलेटचे तुकडे मिसळावेत.

दह्याच्या आंबटपणामुळे सोड्यातून वायू सुटतो व मफिन फुगतो. म्हणून मिश्रण ठेवून न देता लगेच भाजावे. जास्त फुगावा म्हणून सोडा वाढवू नये. चव साबणासारखी लागते आणि रक्तदाबाच्या रुग्णांच्या पोटात विनाकारण सोडियम जाते.

साचे किंवा तेल लावलेल्या स्टीलच्या लहान वाट्या दोन तृतीयांश भराव्यात. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून वर जाळी ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे आणि मग मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. विणायची सुई खुपसल्यावर ती कोरडी बाहेर आली की मफिन झाला.

साच्यात वर्तमानपत्राचा कागद मात्र मुळीच घालू नये. शाईतील घातक द्रव्ये तेलाबरोबर खाद्यपदार्थात उतरतात. तसेच मुलांना कच्चे मिश्रण चाटू देऊ नये. कच्च्या अंड्यातून आणि कच्च्या पिठातूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो.

या प्रमाणात एका मफिनमध्ये वरून घातलेली साखर सुमारे अडीच चमचे होते, म्हणजे नेहमीच्या निम्मी. उष्मांक मात्र २०० च्या आसपास असतात, साधारण दोन पोळ्यांइतके. म्हणून मुलाला एका वेळी एकच द्यावा.

फळ कोणते घालावे?

केळ्याने गोडवा आणि ओलावा दोन्ही येतात. साल काळी पडू लागलेली केळी यासाठी सर्वांत चांगली. चिकूचा गर, किसलेले सफरचंद किंवा हंगामात आंब्याचा घट्ट रसही चालतो. चिकू-आंबा घातल्यास साखर आणखी कमी करावी. कलिंगड, संत्रे यांसारखी पाणीदार फळे टाळावीत. मफिन चिकट राहतो. मनुका-खजूर चांगले, पण त्यांतील साखर घट्ट झालेली असते, म्हणून मूठभरच घ्यावेत. मात्र बारा मफिनमध्ये दोनच केळी आहेत, हे विसरू नये. मफिन खाल्ला म्हणजे फळ खाल्ले असे होत नाही.

कोणी जपून खावे?

मधुमेहींनी ‘कणकेचा आहे’ किंवा ‘गूळ घातला आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. खायचाच झाला तर अर्धा, जेवणातील पोळी-भात तेवढा कमी करून आणि आपल्या डॉक्टरांना विचारून. ज्यांना गव्हाचे ग्लूटेन सोसत नाही त्यांना कणीक आणि मैदा दोन्ही वर्ज्य. एक वर्षाखालील बाळाला मध घातलेला पदार्थ भाजलेला असला तरी देऊ नये. पाच वर्षांखालील मुलांसाठी सुकामेवा अख्खा न घालता बारीक करून घालावा.

साखर कमी असल्याने हे मफिन लवकर बिघडतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात एका दिवसात संपवावेत, फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवावेत. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढाच भाग काढून बाकीचा खाऊ नये, सगळा टाकून द्यावा.

साखर एकदम निम्मी केल्यास मुले कुरकुर करतील. म्हणून पहिल्या खेपेस दीडशे ग्रॅम, पुढच्या खेपेस सव्वाशे आणि मग शंभर असे उतरत यावे. आठवड्यातून एकदा मफिन आणि रोजच्या डब्यात पोळी-भाजी व एखादे फळ, असा बेत ठेवला तर हौसही भागते आणि पथ्यही सांभाळले जाते.