पालखी सोहळ्याचे संस्थीकरण

एखादी प्रथा संस्थीकृत झाली असे समाजशास्त्रात म्हटले जाते, तेव्हा तिला कार्यालय किंवा नोंदणी क्रमांक मिळाला असा त्याचा अर्थ नसतो. ती चालवणारी माणसे बदलली तरी कोणी काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि चुकणाऱ्याला कोणी हटकायचे, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. पीटर बर्जर आणि थॉमस लुकमन यांनी १९६६ च्या त्यांच्या ग्रंथात पिढीबदलाला विशेष महत्त्व दिले, कारण ज्यांनी सोयीसाठी एखादी पद्धत पाडली त्यांना ती बदलता येण्याजोगी वाटते, परंतु त्यांच्या मुलांना तीच पद्धत मुळापासून तशीच चालत आल्यासारखी भासते.

आळंदीहून पंढरपूरला जाणारा ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीची. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीतून नेण्यास आरंभ केला. मात्र आळंदीच्या स्वतंत्र सोहळ्याची आजची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे या रचनेत लष्करी शिस्तीची छाया दिसावी यात नवल नाही. रथाच्या पुढे व मागे क्रमांकाने चालणाऱ्या दिंड्या, त्यांतील विणेकरी, टाळकरी व पखवाजी, आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारे चोपदार, अशी ही मांडणी आहे.

तिची खरी कसोटी मुक्कामाच्या समाजआरतीत दिसते. चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा समुदाय शांत होतो आणि ज्या दिंडीची तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते; मग तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते. लिखित कायद्यावाचून वादाला अशी जागा करून देणे, हे अनेक नोंदणीकृत संस्थांनाही साधलेले नाही.

नेत्याच्या व्यक्तिगत प्रभावाचे त्याच्या पश्चात नियम, पदे आणि वारसाहक्क यांत रूपांतर होते, या प्रक्रियेला माक्स वेबरने प्रभावाचे नित्यीकरण म्हटले. त्याची किंमतही असते. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे अश्व आणि तंबू हे सोहळ्याला लाभलेले साहाय्य होते, ते पुढे घराण्याचा मान झाले; दिंडीचा क्रमांकही असाच जपला जातो आणि समतेचा उच्चार करणाऱ्या परंपरेत पुढे-मागे चालण्याला प्रतिष्ठा चिकटते.

२०२० मध्ये कोरोनामुळे पायी सोहळा रद्द झाला, तरीही ज्येष्ठ वद्य अष्टमीला मोजक्या लोकांत प्रस्थान झाले, पादुकांचा मुक्काम आळंदीतच आजोळघरी ठेवण्यात आला आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी त्या एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. चालणारे लाखो वारकरी वाटेवर नव्हते. तिथी मात्र चुकली नाही.