परदेशस्थ वधूवरांचा विवाह : तो कोठे लावावा?

मुळशी म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे भाताची खाचरे, मुळा नदीवरील टाटांचे धरण आणि सेनापती बापटांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला १९२१ सालचा सत्याग्रह उभा राहतो. नव्या पिढीची मुळशी निराळी आहे. याच तालुक्याच्या हद्दीत हिंजवडी आहे, आणि तेथील संगणकाच्या कचेऱ्यांतून काम करणारे तरुणतरुणी वर्षा-दोन वर्षांनी अमेरिकेस, इंग्लंडास किंवा जर्मनीस जातात. माणसे गेली की त्यांच्यामागून सोयरिकीही जातात. वधू पौडास आणि वर टेक्सासात, किंवा मुलगा हिंजवडीस आणि त्याने पसंत केलेली मुलगी जर्मन, असे योग आता नवलाचे राहिलेले नाहीत. अशा घरी मुहूर्ताच्याही आधी एक प्रश्न उपस्थित होतो : लग्न कोठे लावले असता जोडीदाराचा व्हिसा, म्हणजे पतीपत्नीच्या नात्याने मिळणारा प्रवेशपरवाना, लवकर हाती येईल?

प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु तो उलट्या टोकाने विचारला जातो. व्हिसा देणारा अधिकारी कोणाचे लग्न लावीत नाही. लागलेले लग्न खरोखर लागले आहे काय, एवढेच तो पाहतो. हे पाहताना सामान्यतः दोन गोष्टी तपासल्या जातात. विधी जेथे झाला तेथील कायद्याप्रमाणे तो पुरा झाला होता काय, ही एक. आणि वधूवर वयाने व स्थितीने विवाहास पात्र होते काय, ही दुसरी. म्हणून गावापेक्षा कायदा आधी ठरवावा. कोणत्या कायद्याने लागलेले लग्न दोन्ही देशांत टिकेल, हे एकदा निश्चित झाले म्हणजे स्थळ आपोआप ठरते.

या बाबतीत आजच्या वधूवरांस जी सोय आहे ती त्यांच्या आजोबा-पणजोबांस नव्हती. नोंदणीविवाहाचा पहिला कायदा १८७२ साली झाला. पण त्याखाली लग्न करणाऱ्यास आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याच धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापसात विवाह करताना ही अट उरली नाही. परदेशी ख्रिस्ती वधूस मात्र त्याचा उपयोग नव्हता. १९२८ साली इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीशी विवाह केला, तेव्हा आधी नाशकास शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने तिचा हिंदुधर्मप्रवेश झाला, तिचे नाव शर्मिष्ठादेवी ठेवण्यात आले, आणि मग लग्न लागले. इंदूर हे संस्थान होते ही गोष्ट खरी. पण ब्रिटिश हद्दीतही १८७२ च्या कायद्याखाली त्या दोघांना आपापला धर्म राखून नोंदणीविवाह करता आला नसता. ही अडचण १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने दूर केली. या कायद्यास धर्म विचारण्याचे कारण नाही, आणि दोघेही भारताचे नागरिक असले पाहिजेत अशीही त्याची अट नाही.

आता घरचीच दारे पाहू. वधूवर दोघेही हिंदू असतील तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्यांस लागू होतो. बौद्ध, जैन व शीख यांचाही त्यात समावेश आहे. येथे आगाऊ नोटिशीची गरज नाही. विधी यथासांग झाला की लग्न लागले. त्यानंतर त्याची नोंद करावयाची. महाराष्ट्रात विवाहनोंदणीसाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा असून खेड्यात ग्रामपंचायतीच्या कचेरीत व शहरात महापालिकेच्या विभागीय कचेरीत ही नोंद होते. ख्रिस्ती, पारशी व मुसलमान कुटुंबांस त्यांच्या त्यांच्या विवाहविधीनंतर दाखला मिळविण्याचे मार्ग आहेतच.

दोघांचे धर्म भिन्न असतील, तर मात्र १९५४ चा कायदा हाच राजमार्ग होय. अलीकडे मुळशीच्या जलाशयाकाठी मांडव घालून थाटाची लग्ने होतात. परदेशी वर फेटा बांधून बोहल्यावर उभा राहतो, मंगलाष्टके होतात, सप्तपदीही होते. सोहळा मोठा देखणा होतो. पण वर ख्रिस्ती व वधू हिंदू असेल तर तेवढ्याने कायद्याचे लग्न लागत नाही. हिंदू व ख्रिस्ती यांचा केवळ हिंदू पद्धतीने झालेला विवाह हिंदू विवाह कायद्याखाली वैध ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. असा सोहळा हौसेने अवश्य करावा. मात्र विवाह अधिकाऱ्यापुढचे लग्न त्याच्या आधी किंवा नंतर वेगळे उरकलेच पाहिजे.

याच्या उलट चूक दोन्ही पक्ष हिंदू असलेल्या घरांतून होते. मुलगा परदेशी नोकरीस असतो. समारंभ पुढल्या हिवाळ्यात करावयाचा असतो. पण व्हिसाचे काम लांबते म्हणून वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आधी नोंदणी उरकून घ्या, लग्न मग सावकाश करू.’ कोणत्यातरी संस्थेचा विवाहाचा कागद मिळवून त्यावर नोंदणी केली जाते. विधी काहीच झालेला नसतो. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला निर्णयास आला. दोघेही शिकलेसवरलेले वैमानिक होते. दाखला होता, नोंदणीही होती. परंतु विवाहविधी झालेला नव्हता. न्यायालयाने तो दाखला निरर्थक ठरविला आणि ती दोघे पतीपत्नी कधी झालीच नव्हती असे जाहीर केले. परदेशच्या व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून विधीपूर्वी नोंदणी करण्याच्या प्रघाताचा त्या निकालात स्पष्ट उल्लेख असून त्याविषयी नापसंती व्यक्त केलेली आहे. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी हा लग्नाचा पुरावा आहे, ती स्वतः लग्न नव्हे.

यातील धोका केवळ व्हिसा नाकारला जाण्याचा नाही. पुढे दोघांचे पटले नाही, किंवा दुर्दैवाने एकजण दगावला, तर परक्या मुलखात त्या मुलीचे पत्नी म्हणून स्थान काय, तिला पोटगी, वारसा अथवा तेथे राहण्याचा हक्क कशाच्या बळावर मिळावयाचा? ज्या कागदावर तिचे सर्व भवितव्य उभे, तोच पोकळ निघाला तर तिने कोणाकडे पाहावे? ज्यांस समारंभ पुढे ढकलावयाचा आहे पण कायद्याचे लग्न आताच हवे आहे, त्यांनी घरच्या देवापुढे चार आप्तांच्या साक्षीने विधी आधी करावा आणि मग नोंदणी करावी. किंवा १९५४ च्या कायद्याचा आश्रय घ्यावा, कारण त्यात अधिकारी व साक्षीदार यांच्यासमक्ष परस्परांस पतीपत्नी म्हणून स्वीकारल्याचा उच्चार हाच विवाह होय.

या कायद्याचे वेळापत्रक मात्र आधी समजून घेतले पाहिजे. वराचे वय २१ व वधूचे १८ पुरे झालेले असावे. दोघांपैकी निदान एकजण ज्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस राहिलेला असेल त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावयाची असते. ‘निदान एकजण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वधू पौडास किंवा हिंजवडीस राहत असेल तर पुणे जिल्ह्यात नोटीस देता येते. परदेशातील वराने येथे महिनाभर मुक्काम केलाच पाहिजे असे नाही. नोटीस दोघांच्या सहीने द्यावयाची असल्याने ती कोणत्या रीतीने स्वीकारली जाईल, याची चौकशी कचेरीत आधीच करावी.

नोटीस प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस हरकतींसाठी ठेवलेले आहेत. हरकत वाटेल त्या कारणाने घेता येत नाही. पहिला जोडीदार हयात असणे, वय अपुरे असणे, निषिद्ध नाते असणे अशी कायद्यातील कारणेच चालतात. काका-मामांची नाराजी हे कारण नव्हे. हरकत आली तर अधिकारी चौकशी करून ३० दिवसांत निर्णय देतो. हरकत नसेल तर तीन साक्षीदारांसह विवाह होतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर ती नोटीस रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो. उदाहरणार्थ, १ जून रोजी नोटीस दिली व ती त्याच दिवशी प्रसिद्ध झाली, तर जुलैच्या आरंभापासून ऑगस्टअखेरपर्यंत लग्नाचा अवकाश समजावा. तीन आठवड्यांच्या रजेवर येऊन नोटीस आणि लग्न दोन्ही उरकू म्हणणाऱ्याची रजा नोटिशीतच संपते.

परदेशी नागरिकाने आपला पासपोर्ट, भारताचा व्हिसा, जन्माचा दाखला आणि आपण अविवाहित असल्याबद्दल आपल्या देशाच्या अधिकाऱ्याचा किंवा वकिलातीचा लेख जवळ ठेवावा. पूर्वी लग्न झालेले असल्यास घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला लागतो. परकीय वकिलाती येथे लग्न लावून देतील या भरवशावर कोणी राहू नये. अमेरिकेच्या वकिलातीतील अधिकाऱ्यांना तर विवाह लावण्याची मुभाच नाही.

आता सीमेपलीकडे वळू. वधूवरांपैकी निदान एकजण भारतीय नागरिक असेल तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याने त्यांस परदेशातील भारतीय वकिलातीत, तेथे नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न करता येते. येथेही एकाचा ३० दिवसांचा निवास व नोटीस लागते. आणि त्या देशाचा कायदा अशा विवाहास मनाई करीत असेल तर तो लावता येत नाही. त्याखेरीज त्या देशाच्या स्वतःच्या नोंदणी कचेरीत तेथील नागरिकांप्रमाणे लग्न करण्याचा सरळ मार्ग असतोच.

तिसऱ्याच देशात जाऊन लग्न करण्याची कल्पनाही जुनी आहे. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडात विवाहाचे नियम कडक झाले, तेव्हा तरुण जोडपी सीमा ओलांडून स्कॉटलंडातील ग्रेटना ग्रीन या खेड्यात जाऊ लागली. अखेर १८५६ साली तेथे २१ दिवसांच्या निवासाची अट घालावी लागली. आज डेन्मार्क, जिब्राल्टर, हाँगकाँग, अमेरिकेतील लास व्हेगास ही ठिकाणे अशीच प्रसिद्ध आहेत. डेन्मार्कात परदेशी जोडप्यांची कागदपत्रे २०१९ पासून एका मध्यवर्ती कचेरीत तपासली जातात. हाँगकाँगात पंधरा दिवसांची नोटीस असते. लास व्हेगासला परवाना मिळाला की त्याच दिवशी लग्न होऊ शकते. दोन निरनिराळ्या देशांच्या कचाट्यात सापडलेल्या काही जोडप्यांस त्याचा खरोखर उपयोग होतो. परंतु भारतीय पासपोर्ट धारण करणाऱ्यास डेन्मार्कात किंवा अमेरिकेत पाऊल ठेवण्यासाठीच आधी व्हिसा लागतो. व्हिसासाठी लग्न आणि लग्नासाठी व्हिसा, असा हा फेरा होतो. ज्याला पुण्याचा विवाह अधिकारी जवळ आहे, त्याला एवढे लांब जाण्याचे सहसा कारण नाही.

लग्न त्या देशी पोचूनच करावयाचे असेल तर काही देशांनी नियोजित वधूवरांसाठी वेगळा व्हिसा ठेवला आहे. अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त वधूस किंवा वरास तेथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावे लागते. इंग्लंडात ही मुदत सहा महिन्यांची आहे. अमेरिकेत नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या भारतीय तरुणास मात्र ही सवलत नाही. त्याच्या पत्नीस लग्नाचा दाखला दाखवूनच जावे लागते.

दाखला हाती आल्यावर नावांची अक्षरे, जन्मतारखा व पत्ते पासपोर्टाशी ताडून पाहावेत. भारत २००५ साली अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्यानुसार राज्यशासन व परराष्ट्र मंत्रालय यांच्या शिक्क्यांनी तो दाखला बहुतेक सभासद देशांत ग्राह्य होतो. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशास आक्षेप नोंदविला होता, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी जर्मन वकिलातीचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत. परदेशी जोडीदार भारतातच राहणार असेल, तरी हाच दाखला कामी येतो. विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर त्या जोडीदारास भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाच्या नोंदीसाठी अर्ज करता येतो. म्हणून येथे राहणाऱ्यांनीही नोंदणी लांबणीवर टाकू नये.

तात्पर्य, घरातील वडील माणसांनी कार्यालयाची तारीख विचारण्यापूर्वी हे लग्न कोणत्या कायद्याखाली लागणार आहे, हे विचारावे. याचे उत्तर स्पष्ट असेल तर पौडच्या लहानशा घरात लागलेले लग्नही सातासमुद्रापार मानले जाते. ते अस्पष्ट असेल तर जगातील सर्वांत जलद नोंदणी कचेरीही त्या मुलामुलींच्या उपयोगी पडणार नाही.