नऊशे मीटरवरचा धूर

मुंबईत छान जुळवून घेतलेला कार्बोरेटर बेंगळुरूत पोचेपर्यंत बिघडलेला असतो. वाटेत त्याला कुणी हात लावलेला नसतो, स्क्रू जागचा हललेला नसतो. बदललेली असते ती हवा.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे. तापमान सारखं धरलं, तर तिथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ भरते. कार्बोरेटरला हे कळण्याची सोय नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीनं जेटमधून पेट्रोल वर येतं. त्याची सगळी अक्कल एवढीच. हवा दहा टक्क्यांनी हलकी झाली, की ओढही तेवढीच कमी होते. पण पेट्रोलचा प्रवाह ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो पाचच टक्क्यांनी घटतो. हवा जास्त घटली, पेट्रोल कमी घटलं. गॅरेजच्या भाषेत मिक्श्चर ‘रिच’ झालं.

पाच टक्क्यांनी काय होतं? पेट्रोल पुरतं जळायला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते. मुंबईत १४ किलोवर जुळवलेली गाडी बेंगळुरूत १३.३ वर येते. ढोबळ मानानं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दीड टक्क्यावरून तीनच्या आसपास जातो. आणि जुन्या पेट्रोल कारला एमिशन टेस्टमध्ये असलेली मर्यादा नेमकी तीन टक्के आहे. मुंबईहून बदली होऊन आलेल्या कुटुंबाची मारुती ८०० पहिल्याच चाचणीत नापास झाली, तर दोष गाडीचाच असेल असं नाही.

महाराष्ट्रात जिला सगळे ‘पीयूसी’ म्हणतात, ती बेंगळुरूत ‘एमिशन टेस्ट’ होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११५ क्रमांकाचा नियम दोन्हीकडे एकच. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली छोटी खोली, टेबलावर संगणक, शेजारी गॅस अ‍ॅनलायझर. मुलगा नंबरप्लेटचा फोटो घेतो, धातूची नळी सायलेन्सरमध्ये सरकवतो आणि गाडी स्लोवर चालू ठेवायला सांगतो. नळीतून ओढलेला धूर यंत्रातल्या अवरक्त किरणांच्या वाटेत येतो. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि न जळलेलं इंधन म्हणजे हायड्रोकार्बन हे प्रत्येकजण त्या किरणांतली आपापली तरंगलांबी शोषून घेतात. किती प्रकाश गिळला गेला, त्यावरून कोण किती आहे ते ठरतं. ऑक्सिजन या किरणांना दाद देत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा रासायनिक सेन्सर बसवलेला असतो. अशा यंत्रांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. एआरएआय हे नाव तिथं रोज फिरायला जाणाऱ्यांना टेकडीचं म्हणूनच जास्त माहीत.

गाडीचं वय जसं, तशी मर्यादा. भारत स्टेज या प्रदूषण निकषांच्या दुसऱ्या पायरीआधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दीड हजार भाग, इतकी सूट आहे. स्टेज दोन आणि तीनला अर्धा टक्का आणि ७५०. स्टेज चारपासून ०.३ टक्के आणि २००. बेंगळुरूत स्टेज चार एप्रिल २०१० मध्ये आली, देशभर ती पोचायला २०१७ उजाडलं. मारुती ८०० त्या पायरीवर चढवलीच गेली नाही, त्यामुळे बेंगळुरूसह तेरा शहरांत तिची विक्री २०१० मध्ये थांबली. कारखान्यातलं उत्पादन जानेवारी २०१४ पर्यंत चाललं.

नापासाचा कागद हातात पडला की बहुतेक मालक ‘नापास’ एवढंच वाचतात. जाणता मेकॅनिक दोन आकड्यांकडे बघतो. कार्बन मोनॉक्साइड चढा आणि हायड्रोकार्बन बेताचा, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: कोंदलेला एअर फिल्टर, पुरता न उघडणारा चोक, फ्लोट चेंबरमधली झिजलेली सुई, नाहीतर बेंगळुरूची उंची. कार्बन मोनॉक्साइड ठीक आणि हायड्रोकार्बन भरमसाट, म्हणजे पेट्रोल आत जातंय पण पेटत नाही. मग प्लग, पॉइंट, टायमिंग, व्हॉल्व्हची फट यांच्याकडे जावं लागतं. दोन्ही चढे आणि मागे निळसर धूर दिसत असेल, तर पिस्टनच्या रिंगांनी हात टेकलेत. ते काम स्क्रू पिळून होणारं नाही.

स्क्रू पिळण्याची कला मात्र बघण्यासारखी असते. इंजिन चांगलं तापू द्यायचं, पंखा एकदा फिरून थांबू द्यायचा. कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या मिक्श्चर स्क्रूवर बारीक स्क्रूड्रायव्हर टेकवून तो पाव-पाव फेरी आत घ्यायचा आणि कान इंजिनकडे ठेवायचा. मिनिटाला साडेआठशे-नऊशे फेऱ्यांवर गुणगुणणारं इंजिन आधी थोडं मोकळं वाजतं, मग एका जागी अडखळायला लागतं. तिथून जरा मागे यायचं. अडखळलेल्या जागीच थांबलं तर कार्बन मोनॉक्साइड झकास उतरतो, पण काही ठिणग्या वाया जाऊन कच्चं पेट्रोल तसंच बाहेर पडतं आणि हायड्रोकार्बनचा आकडा उसळतो. एक विषय सुटला, दुसरा राहिला.

सुटे भाग ही बेंगळुरूत तुलनेनं सोपी बाब आहे. जे. सी. रोडवर गॅस्केटपासून पॉइंटच्या सेटपर्यंत नवा माल मिळतो, जुन्यातला जुना हवा असेल तर शिवाजीनगरचा गुजरी बाजार आहे. ट्यून-अप मात्र टेस्टच्या सकाळी उरकू नये; चार दिवस आधी करावं आणि टेस्टला जाताना गाडी वीसेक मिनिटं तरी पळवावी. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आकडे उगाच चढतात. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा मिसळून धूर पातळ होतो आणि ते आपल्या पथ्यावर पडेल, असं काहींना वाटतं. पण पुरत्या जळलेल्या पेट्रोलच्या धुरात दोन कार्बन वायूंची बेरीज पंधरा टक्क्यांच्या आसपास यायला हवी. ती दहाच भरली, की भोक आहे हे यंत्रावर दिसतं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या गाड्यांची तऱ्हा निराळी. चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना तो एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम माखलेली ही मधाच्या पोळ्यासारखी जाळी अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. घरापासून दोन किलोमीटरवरच्या ऑफिसला, तेही सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीतून रांगत जाणाऱ्या गाडीत ती बराच वेळ गारच राहते. स्टेज चारच्या गाडीला इंजिन २५०० फेऱ्यांवर रेस करूनही तपासतात आणि हवा-पेट्रोलचं गुणोत्तर आदर्शापासून तीन टक्क्यांहून जास्त ढळता कामा नये अशी अट आहे. तिथं मेकॅनिकचा कान उपयोगी नाही. दोष बहुधा ऑक्सिजन सेन्सरचा असतो.

आता या गणितात पेट्रोल पंपही उतरला आहे. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला किलोमागे नऊच किलो हवा पुरते. मिश्रणाला लागणारी हवा १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. म्हणजे बेंगळुरूची उंची जुन्या कार्बोरेटरला पाच टक्के रिच करते आणि हे पेट्रोल त्याला आठ टक्के उलट्या दिशेनं ओढतं. एमिशनचा कागद त्यानं सुधारण्याचीच शक्यता जास्त. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात चारचाकींचा कार्बन मोनॉक्साइड तीस टक्क्यांनी कमी झाल्याचं नोंदलं आहे. त्याच आराखड्यात, जुन्या घडणीच्या गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्के घटेल असंही म्हटलं आहे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनं फुगतात, त्या आधीच बदलून घेतलेल्या बऱ्या.

या चाचणीला एक गोष्ट मुळीच दिसत नाही: नायट्रोजनचे ऑक्साइड. ते तयार होतात इंजिनावर भार असताना, प्रचंड उष्णतेत. चाचणी होते गाडी उभी असताना. त्यातही मिश्रण आदर्शापेक्षा किंचित पातळ असताना ते सर्वांत जास्त बनतात, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडसाठी स्क्रू आवळणारा मेकॅनिक नकळत त्यांना वाट करून देतो. उभी गाडी आणि धावती गाडी यांतला हा फरक किती मोठा असू शकतो, हे शोधणाऱ्यांत बेंगळुरूचा एक इंजिनिअर होता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ज्या चमूनं २०१३ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या मोजणीयंत्रांसह अमेरिकेच्या रस्त्यांवर पळवल्या, त्यात हेमंत कप्पण्णा होते. प्रयोगशाळेत सोवळी असलेली जेटा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये ते प्रकरण जगासमोर आलं.

त्या मानानं बेंगळुरूतल्या १९९८ च्या मारुतीचं पाप उघड आहे आणि ते मोजणं स्वस्तही आहे. दिल्लीत जुन्या गाड्यांना वयावरून हटवण्याचा मार्ग धरला गेला. बेंगळुरूत तशी सरसकट बंदी नाही. पंधरा वर्षांनंतर आरटीओत फिटनेस दाखवून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पर्यंत त्याचं शुल्क ६०० रुपये होतं, तेव्हा ते ५,००० झालं. मधल्या काळात कार्बोरेटरवाल्यांना दर सहा महिन्यांनी पंपावरच्या त्या खोलीत हजेरी लावावी लागते, स्टेज चार आणि त्यापुढच्यांना वर्षातून एकदा. वर्षाला दोन ट्यून-अप आणि एक एअर फिल्टर एवढ्यात बहुतेक गाड्या निभावतात.